गळाच्या दुखंडी काठीचा सांधा

मासे धरण्याचा छंद ज्यास जडला, त्याला एका विशिष्ट प्रकारची फजिती कधीं ना कधीं सोसावीच लागते. तो नदीच्या कांठीं उभा असतो. काठी मागें नेऊन, क्षणभर थांबून, तो ती पुढें झटकतो. आणि दोरीच्या मागोमाग काठीचा पुढचा अर्धा भागहि हवेंतून भिरभिरत जाऊन पाण्यांत पडतो. हातांत उरतो नुसता दांडा. कांठावर कोणी पाहणारें असलें तर तें हंसतें, आणि तो स्वतःहि ओशाळवाणें हंसतो. परंतु हाच सांधा पुरता न निखळतां अर्धवट ढिला झाला असेल, तर प्रसंग हंसण्याजोगा राहत नाहीं. वरचा तुकडा खालच्या तुकड्यांत बोटभर कमी बसला म्हणजे सारा जोर सांध्याच्या ओठावर येतो. ओठ फाटतो, किंवा आंतलें लांकूड कडकन् मोडतें. आणि हें घडतें तें बहुधा मोठा मासा गळाला लागला असतां, कारण काठीवर खरा ताण त्याच वेळीं पडतो.

दोन तुकड्यांची काठी गळ फेकतांना एकजीव कशी ठेवावी, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तरी त्याच्या पायीं पांचशें वर्षें सुतार, बंदुका करणारे कारागीर, फिडल घडविणारे आणि अखेर विमानांसाठीं नवे पदार्थ शोधणारे शास्त्रज्ञ यांची बुद्धि खर्ची पडली आहे. गळानें मासे धरणें ही राजेलोकांची करमणूक आपल्याकडेहि होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोदावर निराळें प्रकरणच आहे. परंतु काठीचे तुकडे करण्याचा व ते पुन्हां सांधण्याचा जो खटाटोप, त्याची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेली सांपडते ती इंग्लंडांत. म्हणून प्रथम तिकडेच वळलें पाहिजे.

१४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें विंकिन द वर्ड या मुद्रकानें शिकारीवरील एका जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति छापली, आणि तींत गळानें मासे धरण्याविषयींचा एक लहानसा निबंध प्रथमच घातला. डेम ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका मठवासिनीनें तो लिहिला असें पुढें परंपरेनें म्हटलें जाऊं लागलें. पण त्यास भक्कम पुरावा नाहीं. लिहिणारें कोणीहि असो, त्यास सांध्याचें मर्म कळलें होतें एवढें निश्चित. हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पेन या झाडाची दीड वांव लांब व हाताएवढी जाड काठी थंडीच्या दिवसांत तोडावी, भट्टींत शेकून सरळ करावी, कित्येक आठवडे वाळूं द्यावी. मग तापविलेली तार आणि तिच्यामागून मोठमोठ्या सळ्या घालून ती आंतून जाळीत पोकळ करावी, असें तो निबंध सांगतो. दोन्ही तोंडांस लोखंडाचें किंवा पितळेसारख्या धातूचें कडें ठोकावयाचें. पुढचा लवचीक शेंडा निराळा. त्याचा खालचा भाग हेझलचा, वरचा ब्लॅकथॉर्न, रानटी सफरचंद किंवा असल्याच एखाद्या चिवट लांकडाचा. चालतांना हा शेंडा दांड्याच्या पोकळींत लपून राही. नदीवर गेल्यावर तो बाहेर काढून दांड्याच्या वरच्या तोंडांत मूठभर खोल बसवावयाचा.

या योजनेचा हेतु निबंधकर्त्यानें मोकळेपणानें सांगितला आहे. काठी हातांत असतां ती साधी चालावयाची काठी दिसावी आणि धनी कोठें निघाला आहे हें कोणास कळूं नये! मासे धरणारांचा मितभाषी स्वभाव ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. तात्पर्य, काठी प्रथम कापली गेली ती नदीसाठीं नव्हे, वाटेसाठीं; आणि पुढच्या सगळ्या भानगडीचें मूळ या एका गोष्टींत आहे. नदीला सलग काठी हवी असते, वाटेला तुकडे.

त्या आद्य सांध्यांतील दोन गोष्टी मात्र आजहि टिकून आहेत. शेंडा मूठभर खोल बसवावयाचा, ही पहिली. कारण सांधा घट्ट असून भागत नाहीं, तो पुरेसा लांब असावा लागतो. आंतोंड आखूड असलें तर काठी वांकतांच शेंडा तरफेसारखा उचलला जातो. दुसरी गोष्ट तोंडावरील कडें. मुसळाच्या टोंकास लोखंडी कडें घालतात तें लांकूड चिरूं नये म्हणून. येथेंहि त्याचें तेंच काम होतें.

त्या काळीं सांध्यावर आजच्यासारखा भार पडत नसे, हेंहि ध्यानांत ठेवावें. दोरी घोड्याच्या केसांची, शेंड्याच्या टोंकालाच बांधलेली. जेवढी काठी व जेवढी दोरी तेवढीच पोंच. दूरवर फेकण्याचा प्रश्नच नव्हता. मासा फार मोठा निघाला तर आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या प्रसिद्ध ग्रंथांतला मासेमार सरळ काठीच पाण्यांत टाकून देतो, माशाला थकेपर्यंत ती ओढूं देतो, आणि मग जाऊन उचलून आणतो. ज्यांचे सांधे कच्चे होते त्यांना या युक्तीनें काय परत मिळालें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

वॉल्टनच्या ग्रंथाला १६७६ सालीं चार्ल्स कॉटन या त्याच्या तरुण मित्रानें दुसरा भाग जोडला, आणि त्यांत सांध्याची अगदीं वेगळी तऱ्हा दिसते. यॉर्कशायरमध्यें होणाऱ्या काठ्यांची तो वाखाणणी करतो. त्या सहा, आठ, दहा, बारा तुकड्यांच्या असत, परंतु एकहि तुकडा दुसऱ्यांत घुसविलेला नसे. आंब्याचें कलम करतांना माळी जसा दोन्ही फांद्यांस लांबट तिरका छाट देऊन ते छाट एकमेकांवर चपखल बसवितो व वरून गुंडाळतो, तसेंच हें काम होतें. खालच्या जाड भागावर बारीक सूत, वरच्या नाजूक भागावर रेशीम. अशी काठी टोंकाकडे एकसारखी निमुळती होत जाई व चाबकाच्या वेतासारखी एका सुरेख कमानींत वांके. कोठेंहि आडकाठी नाहीं, ताठर जागा नाहीं. हिचा दोष एकच: ती उलगडून खिशांत घालतां येत नसे.

पुढें रीळ आलें. काठीच्या बुडाशीं चक्री, चक्रीवर लांब दोरी, आणि ती दोरी काठीवर ओळीनें बसविलेल्या कड्यांतून टोंकापर्यंत गेलेली. आतां दोरी वाटेल तेवढी सोडतां येऊं लागली, आणि ज्यास दूर फेकतां येई त्याचा मान वाढला. याच सुमारास, म्हणजे अठराव्या शतकापासून पुढें, पितळी नळ्यांचे सांधे प्रचारांत येत गेले. एका तुकड्याच्या टोंकावर मोठी नळी, दुसऱ्यावर तींत सरकेल अशी लहान नळी. इंग्रजींत हिला फेरूल म्हणतात. सुरुवातीच्या पितळी सांध्यांवर कारागिरांचाच फारसा विश्वास नसावा. लहान नळीच्या पुढें लांकडाची एक निमुळती खुंटी काढून ती मोठ्या नळीच्या तळाशीं कोरलेल्या भोंकांत बसवीत, आणि एवढ्यानेंहि धीर न वाटून सांध्याच्या दोन्ही अंगांस तारेचे बारीक फांस ठेवीत. नदीवर गेल्यावर ते दोन फांस दोऱ्यानें एकमेकांस बांधून टाकावयाचे! जुन्या संग्रहांतील काठ्यांवर हे फांस अजूनहि पाहावयास मिळतात. त्या लांकडी खुंटीचेंहि दुखणें होतें. पाणी आंत शिरलें कीं ती फुगे आणि सांधा दोघांनीं ओढला तरी निघत नसे. उन्हांत सुकली कीं आकसे, आणि तोच सांधा आपण होऊन गळून पडे.

सांधा सुटतो कां, हें येथें थोडें थांबून पाहिलें पाहिजे. सामान्य समजूत अशी कीं दोरीच्या ओढीनें पुढचा तुकडा उपसला जातो. तें अंशतःच खरें आहे. काठी झपाट्यानें फिरते तेव्हां गोफणींतल्या धोंड्याप्रमाणें पुढचा भाग बाहेर निसटूं पाहतो खरा. परंतु नीट बसलेला सांधा तेवढ्या ओढीला दाद देत नाहीं. त्याचा खरा वैरी पीळ हा आहे. दोरी काठीच्या मध्यरेषेंतून जात नाहीं. ती बाजूस बसविलेल्या कड्यांतून जाते. दोरीची ओढ त्या कड्यांच्या पातळींतच राहिली तोंवर ठीक. पण मागें नेतांना काठी एका पातळींत व पुढें आणतांना दुसऱ्या पातळींत फिरली, कीं तीच ओढ कड्याला धरून पुढच्या तुकड्यास किंचित् वळविते. एका फेकींत हें वळण केसभरहि नसतें. शंभर फेकींत तें डोळ्यांस दिसूं लागतें. आणि फिरूं लागलेला सांधा निसटूं लागलाच म्हणून समजावें. बाटलीचें बूच नुसतें ओढून निघत नाहीं, तें पिळून ओढलें म्हणजे निघतें, तसाच हा प्रकार आहे. म्हणून कड्यांची रांग वांकडी दिसतांच जाणता मनुष्य फेकणें थांबवून आधीं सांधा चांचपतो.

स्कॉटलंडांतील स्पे नदीवर हा पीळ विशेष पडतो. पाणी वेगवान, कांठ उंच आणि झाडीनें भरलेले. पाठीमागें दोरी उडवावयास जागाच नाहीं. म्हणून तिकडील लोकांनीं एक निराळी रीत काढली. दोरी मागें लांबवर न सोडतां तिचा थोडा भाग पाण्यावर टेकवावयाचा, काठीच्या टोंकानें हवेंत मोठा वळसा घ्यावयाचा, आणि पाण्यानें धरून ठेवलेल्या त्या भागाच्या आधारानें बाकीची दोरी गुंडाळी उलगडावी तशी पुढें लोटावयाची. पंधरा-अठरा फुटांची काठी दोन्ही हातांनीं फिरविली जाते, आणि प्रत्येक वळशाबरोबर सांध्यावर पीळ बसतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे वळसे शेंकडोंनीं व्हावयाचे. पितळी नळीचा सांधा येथें हटकून ढिला होई. त्यामुळें इंग्लंडांत फेरूल सर्रास झाल्यावरहि स्पे नदीवर व आयर्लंडांत शॅनन नदीकांठच्या कॅसलकॉनेल गांवीं तिरक्या छाटाचाच सांधा चालू राहिला. काठ्या ग्रीनहार्ट नांवाच्या लांकडाच्या असत. हें लांकूड दक्षिण अमेरिकेंतील गियानांतून येई. इतकें जड कीं पाण्यांत बुडतें, आणि धक्क्यांच्या बांधकामांत त्याचा मोठा उपयोग. दोन तिरके छाट एकमेकांस लावून त्यांवर मेण चोळलेली दोरी किंवा चामड्याची पट्टी आंवळून गुंडाळीत. एकदां बांधलेली काठी हंगाम संपेपर्यंत तशीच राही व घराच्या वळचणीखालीं खुंट्यांवर आडवी ठेवली जाई.

जो मनुष्य नदीकांठींच राहतो त्याला हें परवडतें. लंडनहून येणाऱ्यास परवडेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लोहमार्ग उत्तरेकडे सरकत गेले, आणि सुटींत सॅमन मासा धरावयास निघालेल्या वकील-व्यापाऱ्यांना अशी काठी हवी झाली कीं जी गाडीच्या डब्यांत मावावी व उतरल्यावर घटकेंत उभी राहावी. थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं मेणाचा दोरा आंवळीत बसण्याची त्यांची तयारी नव्हती. फेरूलचा जय झाला तो मुख्यतः आगगाडीमुळें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. इन्व्हर्नेसचा अलेक्झांडर ग्रँट हा मात्र जुन्या बाजूस राहिला. तो नेस नदीवर मासे धरी आणि फिडलहि बनवी. तंतुवाद्याच्या लांकडांतून कंप जसा अखंड वाहतो तसाच तो काठींतूनहि वाहिला पाहिजे, मध्यें धातूची नळी आली कीं तो तुटतो, असें त्याचें म्हणणें होतें. १८९० नंतरच्या दशकांत त्यानें तिरक्या छाटानें सांधलेल्या आपल्या ‘व्हायब्रेशन’ काठ्या प्रसिद्ध केल्या, व दूर फेकण्यांत त्याचें नांव आजवर घेतलें जातें. वाद्याच्या उपमेंत विज्ञान किती व कविता किती हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, धातूच्या ताठर नळीपाशीं काठीची कमान मोडते हें त्याचें निरीक्षण बिनतोड होतें.

धातूचा सांधा खऱ्या अर्थानें सुधारला तो अमेरिकेंत, आणि त्या सुधारणेशीं हिंदुस्थानचा एक दूरचा धागा जुळलेला आहे. पेन्सिल्व्हेनियांतील ईस्टन गांवच्या सॅम्युअल फिलिप या बंदूक करणाऱ्या कारागिरानें — हाहि योगायोगानें व्हायोलिनें बनवी — १८४५ च्या आसपास बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या पुन्हां सरसानें जोडून काठी करण्याचे प्रयोग चालविले. पुढें सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी करण्याची रीत रूढ झाली. या कामीं जो बांबू वापरीत तो कलकत्त्याच्या बंदरांतून जाई; त्याचें नांवच ‘कलकत्ता बांबू’ पडलें. त्याच्या सालीवर भाजल्याचे काळे डाग असत, आणि ते डाग टाळून पट्ट्या काढणें ही कारागिराची मोठी डोकेदुखी होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतील बांबूनें त्याची जागा घेतली. या चिनी बांबूस व्यापारी टोंकिनचा म्हणत, जरी तो टोंकिनचा नव्हता!

बांबूची काठी हलकी, चपळ व महाग. तिच्यावर ढिला पितळी सांधा शोभणारा नव्हता. मेन संस्थानांतील बँगोर येथील हिरम लेनर्ड यानें १८७५ सालीं पाणी आंत न शिरणाऱ्या नळीचें पेटंट घेतलें. तींत लांकडी खुंटी नाहीं. नळीचें तोंड आंतून धातूनेंच बंद, म्हणून बांबू भिजत नाहीं व फुगत नाहीं. तीन वर्षांनीं त्यानें नळीच्या कडेस उभ्या चिरा देण्याची युक्ति काढली. ताठ नळी जेथें संपते तेथेंच काठी मोडत असे. चिरलेली कड थोडी लवते व तो घाव चुकवते. मऊ पितळेऐवजीं जर्मन सिल्व्हर आलें. नांवांत रुपें असलें तरी या धातूंत तांबें, जस्त व निकल यांपलीकडे कांहीं नसतें. पण तो पितळेपेक्षां कठीण, लवकर न झिजणारा. त्याच्या दोन नळ्या इतक्या बारकाईनें बसविलेल्या असतात कीं त्यांत हवेलाहि वाट राहत नाहीं, आणि सांधा सोडतांना बाटलीचें बूच निघावें तसा ‘टप्’ असा आवाज होतो. तो आवाज येईनासा झाला म्हणजे नळी झिजली असें जाणकार समजतात.

असल्या नळीस जोडतांना पिळावयाचें नसतें. सरळ रेषेंत दाबावयाचें, आणि सरळ रेषेंतच ओढावयाचें. पिळलें कीं नळीच्या आंतला सरस सुटतो आणि सांधा घट्ट राहून नळीच काठीवर फिरूं लागते. कणभर वाळू गेली तर धातूवर ओरखडा उठतो, म्हणून जोडण्यापूर्वीं फडक्यानें पुसणें आलेंच. तेल नको, कारण तें धूळ धरतें. जुने लोक लहान नळी नाकाच्या बाजूवरून किंवा केसांवरून एकदां फिरवून घेत; तेवढ्या स्निग्धतेंत ती बसते व बसून राहते. ही गोष्ट सांगणें किंचित् असभ्य वाटेल, पण उपाय रास्त आहे.

इकडे इंग्लंडांत नुसत्या घट्टपणावर विसंबण्यास सगळे तयार नव्हते. अ‍ॅनिक गांवच्या हार्डी बंधूंनीं, ज्यांची पेढी १८७२ सालीं निघाली, आपल्या ‘लॉकफास्ट’ सांध्यांत एका नळीवर लहानशी खुंटी व दुसरीच्या कांठावर तिला पकडणारी तिरकी कड बसविली. किंचित् फिरवतांच सांधा कुलपासारखा अडके. इतरांनींहि स्क्रूचे व आंकड्यांचे नाना प्रकार केले. परंतु कुलपाचा हा मार्ग पुढें मागें पडला. वजन वाढे, कड झिजे, आणि निष्णात हातानें बसविलेली साधी नळी बहुतेक नद्यांवर पुरेशी ठरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाच्या बांबूच्या काठीचा शेंडा मोडला. नवा मिळण्यासारखा नव्हता. त्यानें कांचेचे तंतु राळेंत बसवून शेंडा तयार केला, आणि कांचतंतूंच्या काठ्यांचें युग सुरू झालें. १९५० नंतर चिनी मालावर अमेरिकेंत बंदी आली व बांबूचा पुरवठा तुटला, तेव्हां तर या काठ्यांस रानच मोकळें मिळालें. १९६० नंतर इंग्लंडांतील फार्नबरो येथील विमानसंशोधनसंस्थेंत कार्बनचे अत्यंत बळकट तंतु तयार करण्याची रीत निघाली, आणि १९७३ पासून तशा काठ्या बाजारांत आल्या. या काठ्या पोकळ असल्यामुळें धातूची नळी लागेनाशी झाली. काठीचाच एक निमुळता तुकडा दुसऱ्या निमुळत्या तुकड्यावर टोपणासारखा चढवितात, किंवा एका तुकड्यांत बसविलेली भरीव खुंटी दुसऱ्याच्या पोकळींत सारतात. १४९६ चा तो पोकळ दांडा व त्यांत मूठभर बसणारा शेंडा सुमारें पावणेपांचशें वर्षांनीं परत आला तो असा.

मात्र या सांध्याचा स्वभाव धातूच्या उलट आहे. येथें थोडा पीळ द्यावाच लागतो. कड्यांची रांग पाव फेऱ्याएवढी चुकवून तुकडे हलके जोडावयाचे, आणि दाबतां दाबतां फिरवीत रांग सरळ आणावयाची; निमुळते पृष्ठभाग तेवढ्यानें एकमेकांस चावून धरतात. खुंटीच्या सांध्यांत दोन तुकड्यांच्या मध्यें बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. नवशिक्यास ती उणीव वाटते व तो जोर करून ती बुजवूं पाहतो. वस्तुतः ती झिजेसाठीं राखलेली शिल्लक आहे, आणि ती संपली म्हणजे सांधा पुरता बसण्याआधींच टेकतो व डुगडुगतो. खुंटीवर मेणबत्ती किंवा मधमाशांचें मेण घांसल्यास पकड वाढते. एवढें करूनहि दर अर्ध्या घटकेनें सांधा चांचपून पाहावा लागतोच.

स्पे नदीवर दोन्ही हातांनीं काठी फिरविणारा आजचा मासेमार तेवढ्यावरहि थांबत नाहीं. विमानांच्या तंतूंची ती काठी जोडून झाली कीं तो खिशांतून वीजतारांस गुंडाळावयाची चिकट पट्टी काढतो, आणि प्रत्येक सांध्यावर, खालून वर व वरून खालीं, तिरके वेढे देऊन ती आंवळून बसवितो. मगच तो पाण्यांत उतरतो.